ही साइट लक्षात ठेवा

चहाचा ट्रे घेऊन मी बाहेरच्या खोलीच्या दारापर्यंत आले आणि तिथेच थबकले. सासूबाईंच्या, म्हणजे आईंच्या, भजनी मंडळाच्या बायका कॉम्प्युटरसमोर दाटीवाटीने बसल्या होत्या. कुणी खुर्चीवर, कुणी पाटावर, दोघी-तिघी दिवाणावर. एका अभंगाची नवी चाल आईंना इंटरनेटवर सापडली होती आणि गणपतीतल्या कार्यक्रमाआधी ती सगळ्यांना ऐकवायची होती. चाल चांगली होती, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांच्या नजरा पडद्याच्या उजव्या अंगाला खिळल्या होत्या. तिथे अंगासरसा काळा रबरी पोशाख घातलेली एक बाई पाठीवर हवेचं नळकांडं बांधून निळ्या पाण्यात आडवी तरंगत होती. तिच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘समुद्र तुमची वाट बघतोय.’ तिच्या खाली बायकांचे पोहण्याचे पोशाख ओळीने मांडले होते आणि त्यांवर भरघोस सूट होती.

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत पेपर वाचत बसलेले अण्णा, म्हणजे माझे सासरे, खाकरले. कॉम्प्युटरला व्हायरस लागला असणार, असं काहीतरी ते पेपराच्या आडून पुटपुटले. त्याने झालं उलटंच. इतका वेळ पडद्याकडे बघणाऱ्या बायका आता अण्णांकडे बघू लागल्या. दिवसभर त्या कॉम्प्युटरवर कोण बसतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

आईंनी चष्मा सारखा केला आणि त्या रबरी पोशाखातल्या बाईला नीट न्याहाळलं.

“वांग्याची साल असावी तसं बसलंय अंगाला,” त्या शांतपणे म्हणाल्या. “आता धृपद ऐका.”

मी चहा दिला आणि स्वयंपाकघरात परत आले. कान तापले होते. त्या बाईला घरात मी आणलं होतं.

ही गोष्ट नऊ-दहा वर्षांपूर्वीची. आम्ही मिरजेत राहायचो. घरात आम्ही चौघं. अण्णा भोकरे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, बुद्धिबळाचे वेडे. प्रमिलाबाई, म्हणजे आई, बोलायला कमी आणि गायला पुढे. माझा नवरा पराग दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करायचा आणि महिन्यातले पंधरा-वीस दिवस सोलापूर, विजापूर, बेळगाव असा फिरतीवर असायचा. आणि मी रेणुका, मुलींच्या शाळेत पीटीची बाई. सकाळी कवायत, मग खो-खो, संध्याकाळी घसा बसलेला.

माझं माहेर भिलवडीचं, कृष्णेच्या काठचं. वडिलांनी कमरेला वाळका भोपळा बांधून मला डोहात सोडलं तेव्हा मी पहिलीतही नव्हते. पुढे शाळा, कॉलेज, नोकरी, लग्न असं करत करत पाणी मागे पडलं. मग एका मे महिन्यात आमच्या शिक्षिकांची सहल मालवणला गेली. तिथे पर्यटकांना समुद्राखाली नेऊन आणायचे. बाकीच्या बायका नको नको म्हणत मागे सरल्या आणि मी पुढे झाले. जेमतेम पाव तास मी खाली होते. माझ्याच श्वासाचा आवाज, हलणाऱ्या झुडपांसारखं काहीतरी, त्यातून डोकावणारे नारिंगी मासे. वर आल्यावर सगळ्या विचारत होत्या, कसं होतं, कसं होतं. मी मात्र परत पाण्याकडेच बघत होते.

घरी आल्यावर मी इंटरनेटवर शोधायला बसले. त्याच किनाऱ्यावर एक प्रशिक्षण केंद्र होतं. दोन महिने तिथे राहून शिकायचं, परीक्षा द्यायची, आणि मग पर्यटकांना पाण्याखाली नेण्याचं काम त्यांच्याकडेच करायचं, नाताळपासून पुढचा सगळा हंगाम. त्या वर्षापासून ते मुलींनाही घेणार होते. ते पान मी आधी सहज वाचलं. मग रोज वाचायला लागले. अण्णा दुपारी झोपले की मी शाळेतून येऊन बसायची आणि वाचून झालं की काहीही मागे न ठेवता उठायची. निदान मला तसं वाटायचं.

भजनी मंडळाच्या प्रसंगानंतर दुसऱ्या दिवशी मी शाळेत ताहेरा मुजावरला गाठलं. ताहेरा आमची कॉम्प्युटरची शिक्षिका आणि माझी मैत्रीण. मालवणचं सगळं फक्त तिलाच माहीत होतं. मी घडलेलं सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की स्टाफरूममधल्या दोघीजणी वळून बघायला लागल्या. अण्णांचं ऐकून तर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग तिने मला कुकीज म्हणजे काय ते समजावलं. ती म्हणाली, तू विसर्जनाच्या मिरवणुकीतून घरी येतेस, तोंडाने काही सांगत नाहीस, पण कपड्यांवरचा गुलाल सांगतोच ना. तसंच आहे हे. तू एखाद्या साइटवर गेलीस की ती तुझ्या ब्राउझरमध्ये एक खूण ठेवते. ही बाई परत आली तर ओळखता यावी म्हणून. तेवढ्यापुरतं ते सोयीचंच असतं, नाहीतर दर वेळी नाव-पासवर्ड घालत बसावं लागेल. पण त्या पानावर जाहिरातवाल्यांच्याही खुणा असतात. त्यांचा पसारा सगळीकडे. तू समुद्राचं पान सोडून भजनाच्या पानावर गेलीस तरी ते तुला गुलालावरून ओळखतात. आणि कॉम्प्युटर एकच असला, तर तुझ्या जागी तुझे सासरे बसलेत हे त्यांना काय कळणार?

यावर उपाय म्हणून तिने एक अ‍ॅड-ऑन सांगितलं. ते ब्राउझरला जोडायचं. मग कुठल्याही साइटचा टॅब बंद केला की तिच्या सगळ्या खुणा आपोआप पुसल्या जातात. ज्या साइटने आपल्याला ओळखावं असं वाटतं, तिच्यापुरती सवलत द्यायची. वरच्या कोपऱ्यात चावा घेतलेल्या बिस्किटाचं चित्र येतं, त्यावर टिचकी मारून हिरवा ठिपका केला की ती साइट लक्षात राहते. लाल ठेवला की विसरली.

मी त्याच दुपारी ते बसवलं. जुन्या खुणा सगळ्या एकदम पुसून टाकल्या आणि अभंगाचं पान उघडून पाहिलं. रबरी बाई गेली होती. तिच्या जागी सिमेंटची जाहिरात होती. मला इतकं हायसं वाटलं की मी त्या सिमेंटच्या पोत्याकडे बघून हसले.

पण एक मिटलं तर दुसरं उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांची बुद्धिबळाची साइट त्यांना ओळखेना. कुणा रशियन माणसाशी त्यांचा डाव अर्ध्यावर होता, हत्ती अडचणीत होता आणि साइट विचारत होती, आपण कोण? अण्णांना पासवर्ड आठवत नव्हता, कारण तो त्यांनी एकदाच, तीन वर्षांपूर्वी टाकला होता. आईंचं गाण्यांचं पान त्यांनी जमवून ठेवलेले अभंग दाखवेना. विजेच्या बिलाच्या पानाने ग्राहक क्रमांक मागितला. पराग गावाहून आला तर त्याची मेलपेटी बंद. आणि जिथे जावं तिथे, आमच्या कुकीज चालतील का, अशी पाटी नव्याने पुढे यायची. आपण एकदा हो म्हटलेलं तीही विसरून जायची. अण्णा म्हणाले, हे यंत्र म्हातारं झालं, माझ्याआधी याचीच स्मरणशक्ती गेली.

शेवटी एका रविवारी मी तिघांनाही समोर बसवलं. जाहिराती पाठलाग करतात म्हणून हे बसवलंय, एवढंच सांगितलं. बिस्किट दाखवलं, हिरवा-लाल ठिपका दाखवला. आपापली जी साइट नेहमीची असेल ती हिरवी करा, म्हणजे ती तुम्हाला ओळखेल, आणि जाहिरातवाल्यांच्या खुणा तरीही जातील. अण्णांनी दोन वेळा विचारलं आणि तिसऱ्यांदा विचारायचा संकोच वाटून मान हलवली. पराग मोबाइलवर बोलत होता. आई मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर करून एकदा पाहिलं आणि सोलण्यात परत लक्ष घातलं.

मालवणची साइट मी हिरवी केली नाही. ती लालच ठेवली. रोज नाव टाकायचं, लांबलचक पासवर्ड टाकायचा, वाचायचं, बंद करायचं. त्याचा मला त्रास वाटत नव्हता. टॅब बंद झाला की खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत ओळ यायची, खुणा पुसल्या. ती वाचूनच मी उठायची.

मग मी अर्ज केला. नुसता करून बघावा म्हणून केला. पोहतानाची चित्रफीत हवी होती, ती सांगलीच्या तलावावर ताहेराने काढून दिली. डॉक्टरांचा दाखला हवा होता, तो मिळवणं मिरजेत काहीच अवघड नव्हतं. आणि गणपती उठल्यावर, मंगळवारी, केंद्राची मेल आली. निवड झाली आहे. दसऱ्यानंतर हजर व्हायचं आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत आपल्या पानावर जाऊन संमती द्यावी, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाईल.

मंगळवारी मी नाव टाकून केंद्राचं पहिलं पान उघडलं, तेच पुन्हा पुन्हा वाचलं, आणि तशीच उठून आंघोळीला गेले. डोकं तापलं होतं. बाहेर आले तेव्हा टॅब उघडाच होता. मी तो बंद केला, पण खालची ओळ वाचायचं राहिलं. मग बुधवारी गेले नाही, गुरुवारी नाही, शुक्रवारीही नाही.

घरी विचारायचं, एवढंच खरं तर बाकी होतं. पण त्या घरात मला कधी कुणी कशाला नाही म्हटलेलं नव्हतं आणि त्यामुळेच माझी जीभ रेटत नव्हती. मी विचारलं तर ते हो म्हणतील आणि मग दिवाळीत घर मोकळं पडेल, पराग फिरतीवर असेल, आईंना दोघांचंच रांधावं लागेल, मंडळातल्या बायका विचारतील की सून कुठे गेली, आणि लग्नाला तीन वर्षं झाली, मुलाबाळांचं बघायचं सोडून ती समुद्रात काय करतेय. असं सगळं मी मनात मांडलं आणि शनिवारी दुपारपर्यंत माझं ठरलं. नाही कळवायचं. नुसतं गप्प बसून जागा घालवण्यापेक्षा दोन ओळींचं नीट उत्तर द्यायचं, म्हणजे त्या दुसऱ्या मुलीला वेळेवर कळेल.

मी बसले. पत्ता टाकला. नाव टाकण्यासाठी बोटं कळफलकावर ठेवली आणि ती तशीच राहिली. पानाने नाव विचारलंच नाही. वर लिहून आलं, ‘नमस्कार, रेणुका.’

क्षणभर मला भीतीच वाटली. चार दिवस मी या पानाकडे फिरकले नव्हते. मंगळवारच्या खुणा मंगळवारीच पुसल्या जायला हव्या होत्या. मी वरच्या बिस्किटाकडे पाहिलं. ठिपका हिरवा होता.

मी केलेला नव्हता, याबद्दल मला शंका नव्हती. पराग आठवडाभर विजापूरला होता. उरले अण्णा. त्यांनी पाहिलं असेल तर ते काय समजले असतील? ते अंगणात जुना रेडिओ उघडून बसले होते. मी जवळ जाऊन उभी राहिले आणि काहीतरी आडून विचारावं म्हणून विचारलं की, ते ठिपक्यांचं जमतंय ना तुम्हाला.

अण्णांनी स्क्रू तोंडात धरला होता. तो काढून त्यांनी आधी घरात कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग हळूच सांगितलं की त्यांना ते अजिबात कळलेलं नाही. त्यांची बुद्धिबळाची साइट हिच्याकडून हिरवी करून घेतली. विजेचं बिलही हिनेच केलं. परागची मेलपेटीही.

“मी पुन्हा विचारणार होतो तुला,” ते म्हणाले, “पण हिला सगळं येत होतं. मग कशाला.”

आई गच्चीवर होत्या. खळ घातलेल्या सुती साड्या वाळून कडक झाल्या होत्या आणि त्या एकेक काढून खांद्यावर टाकत होत्या. मला पाहताच त्यांनी एका साडीची दोन टोकं माझ्या हातात दिली, दुसरी दोन स्वतः धरली आणि मागे मागे जात साडी ताणली. असं साड्यांच्या घड्या घालायचं काम आम्ही दोघी नेहमीच करायचो. दोन्ही टोकं ओढायची, झटका द्यायचा, जवळ यायचं, टोकं जुळवायची, परत लांब जायचं.

पहिला झटका दिला. जवळ आल्यावर मी विचारलं.

“आई, ती मालवणची साइट तुम्ही हिरवी केलीत?”

“केली,” त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातली टोकं घेऊन परत मागे गेल्या.

साडीची लांबी मध्ये असताना बोलणं सोपं जात असावं, कारण पुढचं त्यांनी तिथूनच सांगितलं. मंगळवारी मी आंघोळीला गेले तेव्हा त्या अभंग लावायला आल्या होत्या. पान उघडं होतं. ती वांग्याच्या सालीतली बाई त्यांनी लगेच ओळखली. मग त्यांनी बाकीचंही वाचलं, काय शिकवतात, कुठे राहायचं, मुलींची खोली वेगळी आहे की नाही, जेवायला काय देतात. माझं नाव वर दिसत होतं. त्या नावावर टिचकी मारली असती तर माझं आतलं पान उघडलं असतं, हे त्यांना कळत होतं.

“ते नाही उघडलं मी,” त्या म्हणाल्या. “ते तुझं. बाहेरचं सगळ्यांसाठी लिहिलेलं, तेवढं वाचलं.”

आम्ही जवळ आलो. टोकं जुळवली. मी विचारलं की मग ठिपका का हिरवा केला.

आईंनी साडीची घडी पोटाशी धरून तिच्यावरून हात फिरवला, सुरकुती काढली.

“तोंडाने विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, काही नाही हो, सहज बघत होते. म्हटली असतीस ना?”

मी हो म्हटलं.

“आणि एकदा माझ्यासमोर नाही म्हटल्यावर तुला ते निभवावं लागलं असतं. म्हणून विचारलं नाही. म्हटलं, ठिपका हिरवा दिसला की हिला कळेल, घरात कुणाला तरी माहीत आहे आणि त्याने काही आभाळ कोसळलेलं नाही. मग वाटलं तर येईल बोलायला, नाही वाटलं तर नाही.” त्यांनी दुसरी साडी उचलली. “रोज वाट बघतेय. तू फिरकलीच नाहीस तिकडे.”

मी दोन टोकं धरली आणि मागे जायचं विसरून तिथेच उभी राहिले. मग मला सगळं सांगावं लागलं. निवड झाल्याचं, शनिवारच्या मुदतीचं, आणि आत्ता खाली नाही लिहायलाच बसले होते त्याचंही. का नाही, तेही सांगितलं. दिवाळी, पराग, मंडळातल्या बायका, सगळं.

आईंनी एकेकाचा निकाल लावला. दिवाळीत त्या आणि अण्णा आईंच्या धाकट्या बहिणीकडे गडहिंग्लजला जाऊ शकत होते, कैक वर्षं बोलावत होती. परागला घरी बायको हवी असेल तर त्याने आधी स्वतः घरी यावं. मंडळातल्या बायकांचं मात्र त्यांनी जरा वेळ मनावर घेतलं.

“त्यांना मी चित्रं दाखवीन,” त्या म्हणाल्या. “एक कासव आहे तिथल्या चित्रफितीत. फार सावकाश जातं. मी रात्री तुम्ही सगळे झोपलात की बघते ते.”

“तुम्ही रोज जाता त्या साइटवर?”

“हिरवी केलेलीच होती,” आई म्हणाल्या.

आम्ही खाली आलो. चार वाजून गेले होते. मी खुर्चीवर बसले आणि आई मागे उभ्या राहिल्या. आतलं पान उघडायच्या आधी त्या तोंड फिरवून खिडकीकडे बघायला लागल्या. मीच त्यांना म्हटलं की बघा तुम्ही. तेव्हा त्या वळल्या. संमतीचं बटण हिरवं होतं की निळं ते आता आठवत नाही. ते मी दाबलं. पानावर अभिनंदनाची ओळ आली. आईंनी ती मोठ्याने वाचली, कार्यक्रमात अभंगाआधी निवेदन करतात तशा आवाजात, आणि अण्णा रेडिओ तसाच टाकून आत आले.

अण्णांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. ते ऐकताना त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला, आणि तो माझ्या यशाने उजळतोय असं मला वाटलं. गोष्ट संपल्यावर ते आईंना म्हणाले की आता मंडळाच्या बायकांना बोलावून ही हकिगत ऐकवावी, सगळ्यांना, एकीलाही वगळू नये. गेला दीड महिना ते गल्लीतून खाली मान घालून चालत होते.

परागला मी फोनवर सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, किती खोल जायचं असतं. मी म्हटलं, पहिल्यांदा तीस-चाळीस फूट. तो म्हणाला, भिलवडीच्या तुमच्या विहिरीएवढं. मग मला काळजी नाही, तिथून तू वर येत नाहीस म्हणून सासरेबुवा काठावर ओरडताना मी ऐकलंय. आणि ठेवता ठेवता त्याने विचारलं की हे घरात सगळ्यांत शेवटी त्यालाच का कळलं.

मी गेले. शाळेने बिनपगारी रजा दिली, पुढे मी ती नोकरी सोडली. पहिला आठवडा फार वाईट गेला. कान दुखायचे, नाकातून रक्त यायचं, आणि माझ्याबरोबरची गोव्याची दोन मुलं माझ्या निम्म्या वेळात सगळं शिकायची. मग हळूहळू पाण्याने मला घेतलं. परीक्षा झाली, त्याच हंगामात काम मिळालं. वर्षभराने परागनेही कुडाळजवळ एका मोठ्या दवाखान्यात बसून करायचं काम मिळवलं, आणि आमचं बिऱ्हाड कोकणात आलं. मुलगी तिथलीच. तिला समुद्राचं कौतुक नाही, घरामागचा आहे म्हणते.

आई-अण्णा दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात आले. अण्णांनी होडीत बसूनच राहायचं कबूल करून घेतलं होतं. आईंनी पिशवीतून एक पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. त्यात मिरजेच्या डॉक्टरांचा दाखला होता. छाती, कान, रक्तदाब, सगळं ठीक. येण्याआधीच त्या तपासून आल्या होत्या आणि कुणाला बोलल्या नव्हत्या.

काळा रबरी पोशाख आईंना चढवायला आम्हा दोघींना अर्धा तास लागला. एका बाजूने मी ओढत होते, दुसऱ्या बाजूने केंद्रातली एक मुलगी. चेन लागल्यावर आईंनी खाली वाकून स्वतःकडे एकदा पाहिलं. मी त्यांना खुणा शिकवल्या. पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून हातांनी बोलायचं. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की सगळं ठीक. अंगठा वर केला की मला वर घेऊन चला. आईंनी दोन्ही खुणा करून दाखवल्या.

उतरताना त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की माझी बोटं पांढरी पडली. दोन-तीन हात खाली गेल्यावर पकड सैल झाली. मी त्यांच्या मागून त्यांना धरून हळूहळू खडकाकडे नेलं. नारिंगी मासे होते, पट्ट्यांचे होते, एक जाडा राखाडी मासा अगदी डोळ्यांवरच्या काचेसमोर येऊन थांबला आणि आईंना बघू लागला. आईंनी माझ्याकडे वळून अंगठा वर केला.

मी घाबरले. कान दुखत असतील, श्वास लागला असेल. लगेच त्यांना सावकाश वर आणलं, तोंडातली नळी काढली आणि काय झालं ते विचारलं. काहीच झालेलं नव्हतं. त्यांना छान म्हणायचं होतं. मी खुणा परत समजावल्या. त्यांनी मान हलवली, आम्ही खाली गेलो. खडकाच्या कपारीत एक छोटा समुद्रघोडा शेपटीने गवताला धरून डुलत होता. आईंनी तो पाहिला आणि हर्षाने अंगठा वर केला. नियम म्हणजे नियम. मी त्यांना पुन्हा वर आणलं.

होडीतून अण्णा विचारत होते की ही सारखी वर का येतेय. आईंनी काच कपाळावर सरकवली. केस चिकटले होते, नाकावर लाल वळ उठला होता, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं चिडलेलं पाहिलं नव्हतं.

“मी तिथे छान म्हणतेय,” त्या म्हणाल्या, “आणि तू दर वेळी मला उचलून वर आणतेस.”

मी तिसऱ्यांदा खुणा सांगायला लागले. त्यांनी मला मध्येच थांबवलं. काच डोळ्यांवर ओढली, नळी तोंडात घेतली, दोन्ही हात छातीशी घट्ट बांधून घेतले आणि मानेनेच खाली चल म्हणून सांगितलं. नळकांड्यातली हवा संपत येईपर्यंत त्यांनी ते हात सोडले नाहीत.